हॅमस्टरचा एक गाल सुजलाय, कमरेवर काळे डाग आहेत – भुसावळात कोणाला दाखवू?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सोनेरी रंगाचा एक हॅमस्टर आहे, नाव गुलगुला. मुलगी पाचवीत आहे, तिच्या हट्टापायी दिवाळीनंतर नाशिकहून आणला. आणला तेव्हा सासूबाई (त्या अमळनेरकडच्या) म्हणाल्या होत्या, "लोके उंदीर धराले पिंजरा लावतस, आनि तुम्ही पैसा दिसन उंदीर लई उनात!" आता त्याच रोज सकाळी त्याला ज्वारीचे दाणे टाकतात, तो भाग वेगळा.

तर अडचण अशी. काल रात्रीपासून त्याचा उजवा गाल फुगलेला आहे. एरवी दाणे भरून घेतो तेव्हा दोन्ही गाल फुगतात आणि घरट्यात जाऊन रिकामे करतो. या वेळी एकच बाजू फुगली, ती उतरायलाच तयार नाही. पुढच्या पायाने सारखा तोंड घासतो. हनुवटीखालची लव ओली वाटते. ज्वारी तशीच पडून आहे, काकडी मात्र थोडी कुरतडली.

गाल बघायला हातात घेतला तर दुसरंच दिसलं. कमरेवर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. केसांच्या आत आहे, कडेचे केस चिकट. गोचीड म्हणावी तर पाय दिसत नाहीत. दातही पिवळेधमक झालेत. आणि दुपारभर पाय पसरून पालथा पडून असतो. आमचं रेल्वे क्वार्टर वरच्या मजल्यावर आहे, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कूलर हॉलमध्ये, पिंजरा गॅलरीच्या दाराशी.

खाली अंथरायला माहेरचा कापूस घालते. चोपड्याकडे माहेर आहे, घरचीच कपाशी, सरकी काढून स्वच्छ केलेला. खायला ज्वारी, बाजरी, सूर्यफुलाच्या बिया, आणि रोज केळ्याचा तुकडा.

शेजारच्या वहिनी म्हणतात, त्यांच्या मुलाचं अमॉक्सिसिलीनचं गुलाबी सिरप उरलंय, दोन थेंब पाजा, सूज उतरेल. हे लाईनवर गेलेत, परवा येतील. मुलीने सकाळपासून जेवणाला हात लावलेला नाही. सिरप देऊ का? आणि भुसावळ-जळगावात याला कोण बघेल?

रॉबीवाला (धुळे)

ताई, काळे डाग नॉर्मल आहेत, ती वासाची ग्रंथी असते. माझ्याकडे रोबोरोव्हस्की (बुटक्या जातीचे हॅमस्टर) आहेत, त्यांना तशीच पोटावर असते. पहिल्यांदा दिसली तेव्हा माझीपण टरकली होती. गालाचं मला माहीत नाही. सिरप नका देऊ एवढं नक्की, पण कारण नीट सांगता येणार नाही. पारोळ्याचे काका इथे असतात, ते सांगतील. काका, बघा जरा.

निवृत्त पशुधनवाला (पारोळा)

ताई, आधी ते सिरप वहिनींना परत करा, बाकीचं मग वाचा.

मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक होतो. सगळी नोकरी गाई-म्हशी आणि बकऱ्यांत गेली. हॅमस्टर घरात आला तो नातवामुळे, आणि नातू पुण्याला शिकायला गेल्यावर ते माझ्याच गळ्यात पडले. त्यामुळे जे लिहितो ते सांभाळणाऱ्याचं म्हणून वाचा. दाखवायचं डॉक्टरलाच आहे.

पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन. यातलं माणसाला रोज चालणारं औषधही हॅमस्टरला मारू शकतं. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू या औषधांनी साफ होतात, मोकळ्या जागी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि त्याच्या विषाने आतडी सुजतात. जुलाब लागतात, जनावर गळपटतं, जातं. औषध पाजल्या-पाजल्या काही दिसत नाही, म्हणून घरातल्यांना वाटतं औषध मानवलं. माणसांनाही अँटिबायोटिकनंतर असे जुलाब होतात, आणि १९७० च्या दशकात त्यांचं कारण उलगडलं ते हॅमस्टरवरच्या प्रयोगांतूनच. इतका हा प्राणी या बाबतीत नाजूक आहे. अँटिबायोटिक लागलंच तर डॉक्टर बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं काही देतात, तेही वजनावर मोजून.

आता गाल. तुमच्या पोस्टमधला "माहेरचा कापूस" वाचला आणि मला तिथेच थांबावंसं वाटलं. हॅमस्टरच्या गालातली पिशवी गालापुरती नसते, ती मागे खांद्यापर्यंत जाते. दाणा असेल तर तो पंजाने ढकलून बाहेर काढतो. कापसाचा तंतू ओला झाला की आतल्या कातडीला चिकटतो, वळतो, त्याची गुठळी होते आणि ती त्याला काढता येत नाही. एकच बाजू, दिवसभर न उतरणारी, तोंड घासणं, लाळ, कडक दाणा नको पण काकडी चालते. हे सगळं पिशवी तुंबल्याचं लक्षण आहे. दाताच्या मुळाशी गळू झालं तरी थोडंफार असंच दिसतं, म्हणून तोंड उघडून बघणारा माणूस हवा.

घरी चिमट्याने ओढू नका. कापसाबरोबर पिशवी उलटी होऊन बाहेर आली तर दुसरंच संकट. सिरिंजने तोंडात पाण्याची पिचकारीही मारू नका, पाणी फुफ्फुसात जाईल. आणि कधी तोंडातून गुलाबी ओलसर मांसाचा गोळा लोंबताना दिसला तर ती उलटलेली पिशवी समजायची. सलाईनने ओली ठेवायची, तशीच वाळू द्यायची नाही, आणि त्याच तासाला निघायचं.

कापूस आजच्या आज काढा. आपल्याकडे कापूस म्हणजे घरचं सोनं, माहेरून आला की नाही म्हणवत नाही, मला कळतं. पण तो पायात गुंडाळला जातो तेव्हा अजून वाईट. एका बाईंनी मला हॅमस्टर दाखवायला आणला होता, मागचा पाय काळा पडलेला. भिंगाने बघितलं तर घोट्याभोवती दोन-तीन तंतूंचा पीळ, कातडीत रुतलेला, वरून केस आल्याने दिसतच नव्हता. दुकानात रंगीत मऊ कापूस "हॅमस्टरचं घरटं" म्हणून विकतात, तोही त्याच जातीचा. त्याऐवजी बिनवासाचा साधा टिश्यू पेपर हाताने फाडून द्या. पट्ट्या तो स्वतःच ओढून नेतो. सुकं गवतही चालतं. सॉ मिलचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्यात बारीक धूळ असते, देवदार-चीडसारख्या लाकडाचा उग्र वास असतो, शिंका आणि घरघर सुरू होते.

डागांचं धुळ्याच्या भाऊने सांगितलं ते बरोबर. तुमचा सिरियन जातीचा दिसतो, त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना ग्रंथी असतात. नराला जास्त काळ्या, वयात आला की चिकट. दोन्ही बाजूंना सारख्या जागी, सारख्या आकाराच्या असल्या तर त्या ग्रंथीच. एकच वाढली, रक्त आलं, खपली धरली, तर दाखवा. कोणी गोचीड समजून चिमट्याने उपटायला बघतं, तसं काही करू नका. दात पिवळे म्हणजे चांगले. पांढरे पडले, किंवा वरचे-खालचे जुळत नसले, तोंडाबाहेर वाकले, तर काळजी करायची. आणि नराच्या शेपटीखाली दोन गोळे उन्हाळ्यात चांगलेच मोठे दिसतात. त्याला गाठ म्हणून कापायला घेऊन येणारे मी बघितलेत. निघताना आधीच सांगून ठेवलं.

खरी भीती मला वेगळीच वाटते. वरचा मजला, गॅलरीचं दार, आणि भुसावळचा मे महिना. पारा पंचेचाळीसला जातो तुमच्याकडे. "सिरियाचा आहे, उन्हाला काटक असेल" असं खूप जणांना वाटतं. आज जगभर जे सोनेरी हॅमस्टर पाळले जातात ते बहुतेक सगळे १९३० मध्ये अलेप्पोजवळ एका शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिलांच्या वंशातले. खणून काढलेल्या, हे लक्षात घ्या. तो प्राणी उन्हात फिरत नाही, तो दोन-तीन फूट खोल गार बिळात दिवस काढतो आणि संध्याकाळी-पहाटे बाहेर येतो. आपण त्याला बीळ देत नाही, वरून प्लास्टिकचा डबा देतो. घाम त्याला येत नाही. वीस-पंचवीस अंशांत तो खुशीत असतो, तिशी ओलांडली की त्रास सुरू.

पसरून झोपला, हात लावताच उठून बसला, तर तो फक्त उकडून गेलाय. पण तोंड उघडं ठेवून भराभर श्वास, हनुवटी ओली, हलवलं तरी मान टाकतो, चालताना झोकांडी जाते, असं असेल तर तो उष्माघात. तुमच्याकडे लाळ आहे ती गालाची की उन्हाची हे मला इथून सांगता येणार नाही, म्हणून दोन्ही धरून चला. तसं झालं तर गार खोलीत न्या, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कान आणि पंजे ओले करा. फ्रिजचं पाणी नको, अंगावर तांब्या तर अजिबात नको. शुद्धीत असेल तर ओठाला थेंब लावा, तो चाटेल. चाटत नसेल तर ओतू नका, डॉक्टरकडे पळा.

पिंजरा आत्ताच जमिनीवर आणा, शहाबादी फरशी असेल तिथे. कूलरच्या खोलीत, पण समोरच्या झोतात नाही. आत एखादी कोरी मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा, वरून बाहेरच्या बाजूने ओली करा, तो तिच्यात जाऊन बसेल. लाईट गेली की गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून एका बाजूला टेकवा, म्हणजे गार हवं की नको हे तो ठरवेल. पाण्याच्या नळीची गोळी रोज बोटाने दाबून बघा. बाटली भरलेली दिसते, गोळी अडकलेली असते, आणि प्राणी तहानेने मरतो. उन्हाळ्यात मी दोन बाटल्या लावतो.

कोणाला दाखवायचं? गावोगावी जे दवाखाने आहेत तिथे सगळा राबता जनावरांचा, हॅमस्टर टेबलावर ठेवला की आधी हसू येतं, मग सगळे गोळा होतात. पण जळगावच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नाहीतर शहरात कुत्र्या-मांजरांची खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे पिशवी रिकामी करण्याइतकं काम होऊ शकतं. आधी फोन करून एवढंच विचारा: "ससे, गिनीपिग, पक्षी बघता का?" जो ससे बघतो त्याला याचा अंदाज असतो. पहाटेच्या थंडाव्यात निघा. दुपारच्या एसटीत नेऊ नका.

तापीकाठ (भुसावळ)

काका, तुमचं वाचून रात्रीच कापूस काढला आणि पिंजरा खाली आणला. सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. चपलेच्या खोक्याला भोकं पाडून त्यात नेला, काकडीचा तुकडा दिला. डॉक्टर ससे बघणारे निघाले.

त्यांनी थोडी भूल दिली, टॉर्च लावला आणि बोथट चिमट्याने हळूहळू काढलं. काय निघालं असेल? अंगठ्याएवढी कापसाची वळकटी, पिवळी पडलेली, घाण वास, आणि तिच्यात दोन अख्ख्या सूर्यफुलाच्या बिया आणि एक ज्वारीचा दाणा गुंतलेला. मुलगी म्हणाली, "आई, त्याने वात वळलीय." डॉक्टरही हसले. आतली कातडी लाल होती, सलाईनने धुतली, दुखण्याचं औषध आणि एन्रोफ्लॉक्सासिनच दिलंय, इन्सुलिनच्या सिरिंजवर खूण करून.

वजन केलं तर एकशे सहा ग्रॅम. डॉक्टरांनी विचारलं, आधी किती होतं. कोणाला माहीत? आम्ही कधी केलंच नव्हतं.

आता तो टिश्यू ओढून नेतोय. पण सकाळपासून लेंडी थोडी नरम आहे. काकडी जास्त झाली का? की औषधाने? ओल्या शेपटीचा आजार म्हणतात तो हा का? मोबाईलवर वाचलं आणि हातपाय गळाले.

कपाशीचा पोरगा (अमळनेर)

ताई, ओली शेपटी मी बघितलीये. नरम लेंडी आणि ती यात खूप फरक असतो, तुम्हाला विचारावं लागणार नाही.

मी हॉस्टेलला असताना एका दुकानातून पिल्लू घेतलं होतं. दुकानदार म्हणाला दोन महिन्यांचं आहे, पण हातात घेतल्यावर ते तळहातावर मावून वर जागा उरत होती. आईपासून नुकतं तोडलेलं, वरून बसचा प्रवास. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात पाठ कमान करून बसलेलं, डोळे अर्धे मिटलेले, मागचा भाग पोटापर्यंत ओला आणि असा वास की रूममेटने खिडकी उघडली. दुकानदाराला फोन केला, तो म्हणे, "पाणी सांडलं असेल, दही-भात द्या." डॉक्टर मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. सलाईन कातडीखाली दिलं, इंजेक्शन दिलं. रात्रीच गेलं.

आता मी कोणाला पिल्लू घ्यायला सांगतो तेव्हा एवढंच म्हणतो: दुकानात दुपारी जाऊ नको, संध्याकाळी जा, ते जागं असताना बघ. शेपटीखाली कोरडं आहे का बघ. त्याच्याच पिंजऱ्यातल्या दुसऱ्याची शेपटी ओली असेल तर त्या पिंजऱ्यातलं एकही घेऊ नको, तुझं कितीही गोड असू दे.

निवृत्त पशुधनवाला (पारोळा)

भाऊ, तुझं पिल्लू लवकर तुटलेलं होतं, दुसरं काही नाही.

ताई, ओल्या शेपटीचा खरा आजार लॉसोनिया नावाच्या जंतूमुळे होतो. तो बहुतेक सिरियन जातीच्या लहान पिलांत दिसतो, तीन ते दहा आठवडे वय, आईपासून तुटणं, प्रवास, गर्दी, नवीन घर अशा ताणाच्या काळात. पातळ पाण्यासारखे जुलाब, मागचा भाग भिजलेला, पाठ कमानी, खाणं बंद. एक-दोन दिवसांत जीव जातो, म्हणून तिथे "उद्या बघू" चालत नाही. तुमचा सहा-सात महिन्यांचा घोडा आहे, खातोय, शेपटी कोरडी आहे, लेंडीला आकार आहे. काकडी बंद करा, कलिंगडाचा विचारही नको, कोरडा दाणा आणि पाणी द्या. औषध सुरू असताना लेंडीवर नजर ठेवा, पातळ झाली तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, औषध आपल्या मनाने बंद करू नका.

दही-भाताने भागणार नाही, एवढं मात्र सांगतो. जुलाब लागलेल्या हॅमस्टरचा जीव पाणी कमी पडून जातो. डॉक्टर मिळेपर्यंत ओआरएस नेहमीच्या प्रमाणात पाण्यात कालवून थेंब-थेंब ओठाला लावा. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली, तर अंगातलं पाणी गेलंय. नंतर हात साबणाने धुवायचे. घरात कोणी गरोदर असेल तर पिंजरा साफ करायचं काम तिला द्यायचंच नाही, असल्या प्राण्यांतून बाळाला धोकादायक असा एक विषाणू येऊ शकतो.

केळं. आमच्या खान्देशात केळं नको म्हणणं म्हणजे पाप, पण रोज नको. तुमच्या सिरियनला आठवड्यातून एखाद्या वेळी नखाएवढं दिलं तर ठीक. धुळ्याच्या भाऊने आणि ज्यांच्याकडे बुटक्या जातीचे, विशेषतः कॅम्पबेल किंवा चायनीज आहेत त्यांनी अजिबात देऊ नये. त्यांच्यात मधुमेह होतो. बाटली एकदम लवकर संपायला लागते, अंथरूण ओलंगच्च, खातो भरपूर आणि वाळत जातो. सूर्यफूल, शेंगदाणे हेही मोजून. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा, चॉकलेट यातलं काही नाही. आणि कपाशीच्या शेतातून फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही. हे मी चोपड्याकडच्या माहेराला उद्देशून म्हणत नाही, आमच्याच घरात सांगावं लागतं.

आता तुम्ही लिहिलंत ना, आधीचं वजन माहीत नव्हतं, तेच सगळ्यांचं होतं. हॅमस्टर आजार लपवतो. जंगलात ज्याने लपवला नाही त्याला घुबडाने उचललं. त्यामुळे तोंडावर दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. काटा मात्र खोटं बोलत नाही. मोठा सिरियन शंभर ते दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो. रविवारी, एकाच वेळी, वाटीत बसवून वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आठवड्यात दहा ग्रॅम कमी झालं म्हणजे तुमच्या-माझ्या अंगावरून पाच-सहा किलो उतरल्यासारखं आहे. वजन करताना हात फिरतोच, गाठ लागते, टक्कल दिसतं. पाठीवर केस विरळ होऊन कोंडा सुटला तर बारीक किडे असू शकतात. गोठ्यातलं एक टक्क्याचं आयव्हरमेक्टिन सगळ्यांच्या फडताळात असतं, ते सुईच्या टोकावर घेऊनही लावू नका. तीनशे किलोच्या गाईसाठी बनवलेलं औषध शंभर ग्रॅमच्या जिवाला बेताने द्यायचं तर आधी पातळ करावं लागतं, आणि ते गणित डॉक्टरचं.

सराफ बाजार (जळगाव)

काकांच्या वजनाच्या मुद्द्यावर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आमची पेढी आहे, माझी पुतणी तिचा हॅमस्टर दुकानातल्या काट्यावर ठेवायची. तो मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि हॅमस्टर स्वस्थ बसत नाही, त्यामुळे आकडा नुसता नाचतो. वर आमचे मोठे बंधू म्हणाले, लक्ष्मीच्या जागी उंदीर बसवलात. पुतणी म्हणाली, गणपतीचं वाहन आहे. ते गप्प. पण पुढच्या आठवड्यात किचनचा काटा घरी आला.

रॉबीवाला (धुळे)

काका, थंडीचंपण लिहा ना. आमच्याकडे जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो. गेल्या हिवाळ्यात कॉलेजमधल्या एकीचा हॅमस्टर सकाळी थंडगार, निपचित, डोळे बंद. तिच्या वडिलांनी खड्डा खणायला घेतला होता.

निवृत्त पशुधनवाला (पारोळा)

बरं झालं विचारलंस, ऐन उन्हात थंडीचं सुचलं नव्हतं.

एकदम गारठा पडला, खाणं कमी, अंधार जास्त, की हॅमस्टर शरीर मंद करून गाढ झोपेत जातो. अंग गार, श्वास इतका सावकाश की दोन श्वासांमध्ये माणूस धीर सोडतो. मेलेलं जनावर काही तासांत लाकडासारखं ताठ होतं, वाकवलं तर वाकत नाही. हे वाकतं. मिशा नीट बघत राहिलं तर थरथरतात. शंका असेल तर जिवंतच धरायचं.

तळहातात घ्या, स्वेटरच्या आत छातीशी धरा, खोली ऊबदार करा. शेगडीजवळ ठेवू नका, गरम पाण्यात बुडवू नका. अर्धा तास, तास लागतो. आधी थरथरतो, मग डोळा उघडतो. जागा झाला की कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून ओठाला लावा, आणि त्या दिवशी डॉक्टरला दाखवा. पुढे पिंजरा आतल्या खोलीत, अंथरूण वीतभर खोल. वीतभर म्हणजे वीतभर, दोन बोटं नाही. बीळ करता आलं तर तो स्वतःचं तापमान स्वतः सांभाळतो, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही.

मादी पाळणाऱ्यांसाठी एक राहिलं. दर चार दिवसांनी तिच्या शेपटीखाली पांढरट, घट्ट, वासाचा स्राव दिसतो. ती तिची पाळी आहे, रोग नाही. तोच स्राव रोज यायला लागला, रक्त मिसळलं, पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झालाय, तिथे ऑपरेशनशिवाय बहुधा इलाज नसतो आणि मग नाशिक, पुणे नाहीतर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. आणि सिरियन एका पिंजऱ्यात एकच. नर-नर, नर-मादी, बहिणी-बहिणी, काहीही जोडी लावू नका. "एकटा कंटाळतो" म्हणून दुसरा आणणाऱ्यांच्या जखमा मी खूप शिवून घेतल्यात.

तापीकाठ (भुसावळ)

लेंडी आता घट्ट आहे, गाल सपाट. रविवारी वजन एकशे बारा भरलं, मुलीने कॅलेंडरवर एकादशीच्या खाली लिहिलंय.

काका, एक शेवटचं. औषध पाजताना त्याने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलंय, म्हणतात रेबीजची इंजेक्शनं घे. हे फोनवर म्हणतात काही गरज नाही. कोणाचं ऐकू?

निवृत्त पशुधनवाला (पारोळा)

दोघांचंही नका ऐकू. वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं बोट धुवा, मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा. कैक महिने घरातच असलेल्या, कुत्र्या-मांजराने कधी चावा न घेतलेल्या हॅमस्टरपासून रेबीजची भीती नसल्यात जमा असते. त्यामुळे डॉक्टर बहुधा धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारतील आणि जखम बघतील. बोट सुजलं, लाल रेघ वर चढली, ताप आला, तर परत जा.

आणि पाजताना त्याला मानेला पकडून उचलू नका, जोरात कातडी ओढली तर डोळा बाहेर येऊ शकतो. छोट्या रुमालात गुंडाळा, फक्त तोंड बाहेर. सिरिंज गालाच्या कडेने, एका वेळी एक थेंब, तो गिळेपर्यंत दुसरा नाही. टोकाला औषधाऐवजी आधी भाताची कोमट पेज लावून चाटवा, दोन दिवसांत सिरिंज बघून स्वतः पुढे येईल. सासूबाईंना धरायला सांगा. ज्वारी टाकतात ना रोज, त्यांच्या हाताचा वास त्याला ओळखीचा आहे.